घरपट्टीचे अपील कोण ऐकते?

(पंचायत समितीच्या आजी-माजी सदस्या आणि संघटनेच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा मागे बसलेल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितले, ते मला इथून दिसले. हुंडा, मारहाण, दारू, पोटगी यांवर आपण दिवसदिवस बोलतो. घरपट्टीवर काय बोलायचे? पट्टी भरायची, पावती फडताळात ठेवायची, संपले. बऱ्याच घरांत बाईचा तेवढाही संबंध येत नाही. पट्टी तो भरतो आणि पावती त्याच्याच खिशात राहते.

पण मी २०१२ ते २०१७ अशी पाच वर्षे पंचायत समितीत बसले, आणि त्या पाच वर्षांत माझ्या लक्षात आले की आपल्या हातात प्रत्यक्ष निकाल देण्याचा अधिकार फार थोड्या बाबतींत आहे. पंचायत समिती सदस्याला ना स्वतःचा निधी, ना सह्यांचा अधिकार. सभापतीच्या गाडीमागे फिरणारे माणूस, अशी आपली थट्टा होते. मात्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १२४ उघडून बघा. ग्रामपंचायतीने बसवलेल्या करावर कोणाची तक्रार असेल, तर त्याने अपील करायचे ते पंचायत समितीकडे. तहसीलदाराकडे नाही आणि कोर्टातही नाही. पंचायत समितीच्या निकालावर पुढचे अपील जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे, आणि तिथला निर्णय अंतिम. म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक गावच्या घरपट्टीचे न्यायाधीश कोण? तुम्ही आणि मी. हे कितीजणींना माहीत होते? हात वर करा. ... तीन. बरे.

आता घरपट्टी एवढी महत्त्वाची का, ते आधी सांगते.

शेताला सातबारा असतो. गावातल्या घराला काय असते? कितीतरी गावांत वर्षानुवर्षे एकच कागद आहे, ग्रामपंचायतीचा नमुना ८. ही आकारणीची यादी: घर कोणाचे, कसले, केवढे, कर किती. नमुना ९ म्हणजे मागणीची वही आणि नमुना १० म्हणजे आपल्याला मिळते ती पावती. नमुना ८ वर नाव असले म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. कर कोणाकडून वसूल करायचा त्याची ती यादी, इतकेच. कायद्याने ते बरोबरच आहे. पण गावात काय चालते? विजेचे मीटर घ्यायचे, आठचा उतारा आण. घरकुलाचा अर्ज करायचा, उतारा आण. कर्जाला जामीन राहायचे, उतारा आण. भाऊबंदकीत भांडण लागले की पहिल्यांदा फडफडवला जातो तो हाच कागद. २०२० साली स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली. पण लोकांच्या मनात घराचा कागद म्हणजे अजून आठचा उताराच.

म्हणून तर १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ करून जमिनी बायकांच्या नावावर करायला सांगितल्या, तेव्हा आपण म्हणत होतो की घराचे काय? पुढे २००३ मध्ये शासनाने ‘घर दोघांचे’ म्हणून सांगितले, ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावा. चांगली गोष्ट झाली. काही गावांत ग्रामसेवकाने एका आठवड्यात सगळी यादी बदलली. काही गावांत आजही ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून बाईला परत पाठवतात. (२०२४ पासून ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे ठरले आहे. मी जुन्या सवयीने ग्रामसेवकच म्हणणार.)

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण अपिलाच्या वेळी तीच गल्लत होते. नाव कोणाचे लागावे हा एक वाद आणि कर किती बसावा हा दुसरा वाद. कलम १२४ चे अपील कराच्या आकारणीवर आहे. दिराने घर बळकावले, सासऱ्याने नाव कमी केले, हे त्या अपिलात सुटणार नाही. त्याला दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागते. बाईला खोटी आशा लावून अपिलाचा कागद करायला लावू नका. तिचे सहा महिने जातात आणि आपला शब्द जातो.

आता एक असे कलम सांगते की ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून पुन्हा उघडून बघितले. कलम १४. ग्रामपंचायतीच्या सदस्याने कराचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर तो सदस्य राहायला अपात्र. ठीक आहे, कर थकवणाऱ्याने गावचा कारभार करू नये. पण त्याखालचे स्पष्टीकरण वाचा. अविभक्त हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला, तर त्या कुटुंबातले सगळेच अपात्र. म्हणजे काय झाले बघा. घर सासऱ्याच्या नावावर. बिल सासऱ्याच्या हातात. पट्टी भरायची की नाही ते ठरवणार सासरा. घरावर सुनेचे नाव नाही, पट्टीचे पैसे तिच्या हातात नाहीत, बिल आले हे तिला माहीतही नाही. पण थकबाकीत मात्र तिचा वाटा पुरा! मालकीत आपण परक्या आणि थकबाकीत घरच्या.

आमच्या तालुक्यात असे घडलेले आहे. महिला राखीव जागेवर निवडून आलेली एक तरुण सरपंच. वाळूच्या ठेक्यावरून तिने गावातल्या दोन मोठ्या माणसांना दुखावले. महिन्याभरात तिच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज: सासऱ्याच्या घराची पट्टी थकली आहे, सबब अपात्र करा. थकबाकी किती? हजाराच्या आतली. तिच्या नवऱ्याने त्याच दिवशी भरली, पण तीन महिने उलटले असतील तर भरून उपयोग नसतो. ती वाचली ती एका बारीक गोष्टीने. बिल रीतसर बजावले होते का, असा प्रश्न आला तेव्हा ग्रामपंचायतीच्या स्थळप्रतीवर सासऱ्याची सही नव्हती, अंगठा नव्हता, काहीच नव्हते. बिल बजावल्याशिवाय तीन महिन्यांचे घड्याळ सुरू होत नाही. अर्ज फेटाळला गेला. तेव्हा ज्या निवडणुकीला उभ्या राहणार आहेत त्यांनी आधी घराची पट्टी भरून पावती स्वतःच्या ट्रंकेत ठेवा. सासऱ्याच्या नव्हे. अर्ज भरायच्या दिवसाआधी बाकी भरली तर ती आड येत नाही, अशी सवलत त्याच स्पष्टीकरणात आहे.

आता आकारणीकडे येते. घराचे मूल्य काढून त्यावर कर बसतो. मध्ये काही वर्षे नुसत्या चौरस फुटावर कर होता, तो उच्च न्यायालयात टिकला नाही, आणि २०१५ च्या अखेरीस नवे नियम आले. आता जागेचा दर, बांधकामाचा दर, बांधकाम किती जुने त्याचा घसारा आणि वापर कशासाठी त्याचा भारांक, असा हिशोब करून भांडवली मूल्य काढतात. त्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे, असा कर. दर चार वर्षांनी फेरआकारणी.

हिशोबाला घाबरू नका. समजा तुमच्या घराचे मूल्य ४ लाख धरले आणि दर हजारी ८० पैसे असला, तर घरपट्टी झाली ३२० रुपये. त्याच घराला चुकून, किंवा मुद्दाम, पक्क्या स्लॅबचे ठरवले आणि मूल्य ६ लाख धरले, तर ४८० रुपये. वर्षाला १६० चा फरक, चार वर्षांत ६४०. शेतावर जाणाऱ्या बाईची ही दोन दिवसांची मजुरी. थोडी रक्कम आहे म्हणून कोणी भांडत नाही, आणि कोणी भांडत नाही म्हणून ती तशीच राहते.

चार गोष्टींवर नजर ठेवायची: घराचे माप, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर. त्यातही बायकांना सगळ्यात जास्त बाधतो तो वापर. मी पंचायत समितीत गेल्यावर पहिले अपील बघितले ते याचेच. एक विधवा बाई, शिवणाचे मशीन पुढच्या ओटीवर. ग्रामपंचायतीने सगळे घर दुकान म्हणून लावले. शेजारी, भिंतीला भिंत लावून, एका पुढाऱ्याचे खताचे गोदाम, ते मात्र ‘राहते घर’. बाईने कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि पंचायत समितीत दिला. तो आमच्या मासिक सभेत कसा आला ऐका. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय. त्याआधी पाणीटंचाई, शाळाखोल्या, बदल्या, यांत तीन तास गेलेले. जेवणाची वेळ. कक्षाधिकाऱ्याने टिप्पणी वाचली: ‘ग्रामपंचायतीने केलेली आकारणी योग्य असल्याचे दिसून येते, सबब अपील फेटाळण्यास हरकत नाही.’ सभापती म्हणाले, मंजूर? पाठीमागून कोणीतरी म्हणाले, मंजूर.

मी विचारले, अर्जदार बाई कुठे आहे? गटविकास अधिकारी अगदी शांतपणे म्हणाले, बोलवायची पद्धत नाही ताई. मी विचारले, घर कोणी बघून आले का? पद्धत नाही. मग टिप्पणी कशावरून लिहिली? ग्रामपंचायतीच्या अहवालावरून. म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार, तिलाच विचारले तुझे बरोबर आहे का, आणि ती म्हणाली हो!

त्या दिवशी आम्ही चौघी सदस्यांनी मिळून विषय पुढच्या सभेवर टाकायला लावला. चौघी दोन वेगवेगळ्या पक्षांच्या होतो, हे मुद्दाम सांगते. पुढच्या महिन्यात बाईला नोटीस गेली, ग्रामसेवकालाही गेली. विस्तार अधिकारी टेप घेऊन जाऊन आले. घर ४८० चौरस फूट, मशीनची ओटी ८० चौरस फूट. ठराव झाला: ओटीपुरता धंद्याचा भारांक, बाकी घर राहते. ठरावात कारण लिहून घेतले. बाईला पन्नास-साठ रुपयांचा फायदा झाला असेल. पण सभेच्या बाहेर ती मला काय म्हणाली? ‘ताई, मला आत खुर्चीवर बसवलं.’ गोदामाचा प्रश्न त्या अपिलात येत नव्हता, तो पुढे दुसऱ्या वाटेने काढावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, न्याय द्यायचा तर न्यायाधीश हवा, निवडून आलेल्या माणसांनी कशाला? शहरात तसेच आहे. मुंबईत १८८८ च्या जुन्या कायद्याप्रमाणे कर आकारणीचे अपील लघुवाद न्यायालयात जाते. इतर महापालिकांत दिवाणी न्यायाधीशांकडे. आधी आयुक्तांकडे तक्रार करायची, मुदत पाळायची, आणि वादातली रक्कम भरल्याशिवाय अपील उभे राहत नाही. नगरपालिकांची रचना आणखी वेगळी, तिच्यात आज शिरत नाही. आमच्या संघटनेतल्या एक वकील मैत्रीण ठामपणे म्हणतात की गावाकडेही न्यायाधीशच हवा. पंचायत समितीत अपील म्हणजे चोराच्या भावाकडे चोरीची फिर्याद, कारण सरपंच आणि गणाचा सदस्य बहुधा एकाच गटाचे. त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. गटाचे राजकारण मी डोळ्यांनी बघितले आहे. आपल्या माणसाचे अपील मंजूर, विरोधकाचे नामंजूर, आणि ज्याला कोणीच नाही त्याचे ‘पुढील सभेत घ्यावे’.

तरी माझे मत वेगळे आहे. दोनशे रुपयांच्या घरपट्टीसाठी कोणती मजूर बाई तालुक्याच्या कोर्टात वकील लावणार आहे? एसटीचे भाडेच तेवढे होते. पंचायत समितीत ती गणाच्या सदस्येच्या घरी संध्याकाळी जाऊन बोलू शकते. आणि दुसरे कारण असे की ही जागा आपण फार कष्टाने मिळवली आहे. १९९० मध्ये राज्यात ३० टक्के जागा आल्या, १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्या एक तृतीयांश झाल्या, २०११ मध्ये निम्म्या झाल्या. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटाचे दोन गण, प्रत्येक गणातून एक सदस्य, आणि त्यातल्या निम्म्या आपण. न्यायनिवाडा करणाऱ्या किती बाकांवर निम्म्या बायका कायद्याने बसतात? मला दुसरे पटकन आठवत नाही. ती जागा मिळाल्यावर ‘आम्हाला नको, साहेबांना द्या’ असे का म्हणावे?

साहेबांना दिल्यावर काय होते तेही आपण बघितले. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि निवडणुका वर्षानुवर्षे झाल्याच नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्या म्हणून सांगावे लागले. तोवर पंचायत समितीत प्रशासक कोण? गटविकास अधिकारी. म्हणजे ज्यांच्या कचेरीत टिप्पणी लिहिली जाते, तेच सभा आणि तेच निकाल. त्या काळात एका गावच्या अकरा बायकांनी दिलेल्या हरकतींची पोचसुद्धा आम्हाला मिळेना. कोणाकडे जाऊन रागवायचे तेच कळत नव्हते. निवडून आलेल्या बाईच्या दारात जाऊन निदान ‘तुला मत दिलं होतं गं’ असे म्हणता येते.

पण सदस्यांकडे अपील राहावे असे म्हणायचे, तर आपण आपल्यालाच काही बंधने घालून घेतली पाहिजेत. आमच्या पंचायत समितीत आम्ही सभेचा ठराव करून काही घातली. अपिलाचा विषय सभेच्या सुरुवातीला, माणसे जेवायला उठण्यापूर्वी. दोन्ही बाजूंना बोलावल्याशिवाय निकाल नाही. ज्या सदस्याचे गाव तेच असेल, किंवा ज्याचे नातेगोते असेल, त्याने त्या विषयापुरते गप्प बसायचे. (हे सगळ्यात अवघड गेले. तालुक्यात नाते नाही असा माणूस शोधून दाखवा!) आणि ठरावात कारण लिहायचे. नुसते ‘अपील फेटाळले’ असे लिहिले तर पुढे स्थायी समितीत बाई काय दाखवणार? त्यांना निकालाची नक्कल दोन ओळींची मिळते आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

ज्या सदस्या नाहीत त्यांच्यासाठी दुसरे काम आहे, आणि ते जास्त मजेचे आहे. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, हे तुम्हाला माहीत आहे. फेरआकारणीच्या वर्षी या महिलासभेत आकारणीची यादी मोठ्याने वाचायला लावा. आमच्याकडच्या एका गावात बायकांनी हे केले. ग्रामसेवक वाचत होते, घर नंबर, नाव, बांधकाम. एका नावाला आले, ‘दगड-मातीचे’. क्षणभर शांतता आणि मग सगळ्या बायका हसायलाच लागल्या. दोन मजली बंगला, वर पाण्याची टाकी फुटबॉलच्या आकाराची, पुढे फरशी. म्हणे दगड-मातीचे! कोणीतरी म्हणाली, ‘आमच्या मातीला असा रंग कधी येणार हो?’ त्या सभेत अशी सात घरे निघाली. लगेच सगळी दुरुस्त झाली असे नाही, चार झाली. पण त्या वर्षी झोपडीवाल्यांच्या हरकती ऐकताना ग्रामपंचायतीचा आवाज बराच खाली आला होता. हरकतीची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते, ती आधी वाचा. हरकत आधी ग्रामपंचायतीतच द्यायची आणि पोच घ्यायची. तिथे ऐकले नाही तर मग अपील. पोच नसेल तर तुमची हरकत कधी दिलीच नव्हती असे धरून चाला.

नमुना ८ चा उतारा देणे हे ग्रामपंचायतीवर बंधन आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ती सेवा येते. ‘साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या’ असे म्हटले तर लेखी अर्ज देऊन या. शेजारच्या घरांच्या आकारणीची माहिती हवी असेल तर माहितीचा अधिकार आहेच.

तुमच्यापैकी ज्यांनी सांगितल्याप्रमाणे आपल्या घराचे उतारे आणले आहेत, त्यांनी ते जेवणानंतर बाहेर काढा. गावाप्रमाणे पाच-सहा जणींचे गट करू. आधी माप, मग बांधकाम, मग वर्ष, मग वापर, असे एकेक वाचायचे, आणि ज्या घरात आपण रोज वावरतो ते कागदावरचे तेच आहे का ते बघायचे. हरकतीच्या आणि अपिलाच्या अर्जाच्या झेरॉक्स दाराजवळच्या टेबलावर आहेत. एक प्रत दोन रुपये, सुटे आणा.